उतरायची जागा

गाडी पळवता कोणालाही येते. रेस पिळली की ती पळते, त्यात चालवणाऱ्याचं कर्तृत्व काही नसतं. म्हाताऱ्या माणसाच्या चालीनं, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पाय खाली न टेकवता चालवून दाखवा, मग बोलू. सभेत मी हे सांगते तेव्हा पोरं हसतात, त्यांना वाटतं बाई उपमा देतायत. उपमा नाही. मी गाडीबद्दलच बोलते. आत्मकथन लिहायचं माझं वय झालेलं नाही, असंही काही जण सुनावतात. वय झालं की माणूस गोड लिहायला लागतो, म्हणून आत्ताच लिहिते.

आमच्या गावाचं नाव एक आणि गावं दोन. मंगरूळपीरचा रस्ता सोडून आत वळलं की माळावर नवं गाव, आणि उताराला, तलावाच्या पोटात, जुनं. तलावासाठी सगळ्यांना उठवलं, पण तलाव कधी पुरता भरला नाही. पावसाळ्यात पाणी जुन्या गावावर चढतं, उन्हाळा लागला की मागं सरकतं आणि घरांची जोती उघडी पडतात. भिंतींची माती विरघळून गेली, दारं आणि छपराचे कवेलू लोकांनी केव्हाच नेले. माळावर प्लॉट सोडतीनं दिले. सोडत असूनही आम्हा बौद्धांची वस्ती जुन्यासारखीच गावाच्या कडेला कशी आली हे देवाला ठाऊक, आणि देव आम्ही मानत नाही, त्यामुळं विचारायला कोणी उरत नाही. मोठ्या गल्लीतल्या लोकांनी तर आणखी पुढची गोष्ट केली. त्यांनी आपसात प्लॉट बदलून घेतले आणि जुन्या गावात ज्याच्या शेजारी जो होता त्याच क्रमानं नवी घरं बांधली. रस्ता रुंद आखलेला होता, तो दोन्ही बाजूंनी ओटे पुढं काढून काढून जुन्या गल्लीएवढा अरुंद केला.

जयंतीची मिरवणूक वर्षानुवर्षं बाहेरच्या रस्त्यानं जायची. मोठ्या गल्लीतून जायची परवानगी मिळाली तेव्हा वस्तीत पेढे वाटले. पण पहिल्याच वर्षी पुढच्या गाडीवरच्या पोरानं ऐन गल्लीत रेस पिळली, गाडी उधळली आणि एका ओट्याचा टवका उडाला. पोराचा गुडघाही फुटला, पण चर्चा ओट्याची झाली. मग पुढच्या जयंतीआधी शांतता समितीची बैठक बसली आणि अटी ठरल्या. गल्लीत बाजा बंद. पुढं चालणारी माणसं, त्यांच्या मागं गाड्या, एकामागं एक, माणसांच्या चालीनं. गाडी थांबवायची नाही, पाय टेकायचा नाही, कशाला धक्का लागायचा नाही. यातलं एक जरी झालं तर मिरवणूक पुन्हा कायमची बाहेरच्या रस्त्यानं. मी तेव्हा कॉलेज संपवून घरी बसलेली, बुवाबाजीविरुद्ध पत्रकं वाटत तालुका पालथा घालणारी. माझं डोकं फिरलं. त्याच दिवशी पत्रक लिहिलं: रस्ता ग्रामपंचायतीचा, डांबर सरकारचं, मग थांबायचं नाही हा हुकूम कोणाचा? आणि खाली, ठळक अक्षरांत: यंदा पहिली गाडी बाई चालवेल, आणि जिनं या गल्लीतल्या घरांत जन्मभर परसदारानं काम केलं ती बाई मागं बसून निळा झेंडा धरेल. छापलं, गावभर वाटलं. ती बाई म्हणजे माझी आई. तिला ते छापून आल्यावर कळलं.

पत्रक पहिल्यांदा वाचलं ते शोभाआत्यानं. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, उपकेंद्रात नर्स. लसींचा डबा घेऊन वाडीवस्ती हिंडायला तिनं गियरची गाडी घेतली होती. आमच्या भागात गियरची गाडी चालवणारी ती एकटी बाई.

‘कागद झकास लिहिला, वैशाले,’ ती म्हणाली. ‘आता गाडी कोन चालवन? कागद?’

‘मी.’

‘तुले उभ्या सायकलीवरून पडतानी पाह्यलं म्या.’

‘मंग शिकव.’

घर आमचं दोन खोल्यांचं, वर टीन. पहाटे विहारातून वंदना सुरू व्हायची, तिच्यावर आईच्या भाकरीची थाप, आणि त्यावर आत्याच्या गाडीची किक. या तीन आवाजांनी माझा दिवस उजाडे. हळद शिजवायचे दिवस होते. आई लोकांच्या वावरात हळदीच्या कढईवर जायची आणि परत यायची ती कोपरापर्यंत पिवळी. तिनं थापलेल्या भाकरीला, पिठल्याला, पाण्याच्या तांब्यालासुद्धा शिजल्या हळदीचा तो मातकट वास असे. अजूनही कुठं हळद शिजत असली की मला आधी भूक लागते आणि मग राग येतो. आई जेवताना बोलत नसे. पत्रक मी तिला वाचून दाखवलं, अगदी सभेत वाचावं तसं. घास गिळून ती एवढंच म्हणाली, ‘मले दोन्हीकून पाय टाकून बसता येत नाही. लुगड्यात एका अंगानंच बसीन.’

‘चालते,’ मी म्हणाले.

‘पोरीनं पाडलं तं दोघी एकाच खाटेवर पडसान,’ बाबा म्हणाले. ‘मले भाकरी येत नाही, आधीच सांगून ठेवतो.’

सराव जुन्या गावात करायचा असं आत्यानं ठरवलं. तिथं पाहायला कोणी नव्हतं, आणि जुनी गल्ली न् नवी गल्ली एकाच मापाची. उन्हं कलली की आम्ही निघायचो. पहिल्या दिवशी आत्या गल्लीतून चाललीच नाही. ती जोत्यांच्या मागून चालत गेली, एकेक जोतं मागच्या अंगानं ओळखलं, मग वळसा घालून समोर येऊन त्यावर फक्कीनं पांढरी खूण केली. ‘हे पाटलाचं. मांगं न्हाणी होती, म्हून वळखलं. हे मास्तरचं, इथं उकंडा होता त्याईचा.’ समोरून ओळखू येत नाही का, असं मी विचारलं. ‘समोरून कोनी पाह्यलं?’ ती म्हणाली आणि पुढच्या जोत्यामागं गेली.

शिकवताना ती दयामाया ठेवत नसे. क्लच अर्धा, रेस एकसारखी, मागच्या ब्रेकवर पाय नुसता ठेवलेला, पुढचा ब्रेक आहे हेच विसरायचं. आणि नजर लांब, गल्लीच्या शेवटाला. ‘जोत्याकडं पाहू नको. ज्याच्याकडं पाहशीन ते तुले वढून घेते.’ मी पाहायचेच, आणि गाडी खरोखर तिकडंच जायची. पाय टेकला की ती टाळ्या वाजवायची, ‘बसला धक्का! जा आता बाहेरच्या रस्त्यानं!’ मंगरूळचे मेकॅनिक रफीकचाचा यांच्याकडून आम्ही गाडीची रेस पार खाली बसवून घेतली, इंजिन झोपेत श्वास घेतल्यासारखं चाले. ‘इतनी धीमी? बारात में ले जाना है क्या, बेटी?’ चाचांनी विचारलं. मिरवणूक आहे म्हटल्यावर त्यांनी स्क्रू आणखी अर्धा फेरा सोडला.

त्या जागेत आवाज फार कमी होता. झाड नाही म्हणून पाखरू नाही. गाळ वाळून त्याला भेगा पडलेल्या, भेगांतून शिंपले वर आलेले, चाकाखाली ते कुरकुरायचे. गल्लीच्या मध्यावर एका ठिकाणी इंजिनचा आवाज दोन्ही बाजूंनी परत यायचा, घरांमधून जाताना यावा तसा, आणि घरं तर नव्हती. ‘तलावाच्या बांधावरून घुमत असेल,’ मी आत्याला म्हणाले. ‘असन,’ ती म्हणाली. तिनं मला काही विचारलंच नव्हतं.

आधी मी एकटी चालवायला शिकले. मग मागं आत्या बसली. मग ओझ्याची सवय व्हावी म्हणून सोयाबीनचं पोतं बांधलं. पोतं घेऊन मी गल्ली न टेकता पार केली तेव्हा आत्या म्हणाली, ‘पोत्यासारखी सवारी नाही. बोलत नाही, हालत नाही.’ मग आई बसली, एका अंगानं, हातात झेंड्याऐवजी तुराटी धरून. गल्लीच्या तोंडाशी एक काळा दगड उभा होता. लोकांनी चौकटीसुद्धा नेल्या, पण तो दगड कोणी नेला नव्हता. त्या दगडापाशी आलो आणि गाडी डावीकडं कलली. कलली म्हणजे माझा हात चुकला असं नाही. मागून ती हलकी झाली. मागचं अर्धं ओझं कोणीतरी उचलून नेलं. मी पाय टेकला, वळून पाहिलं, तर आई जागेवर बसलेली, मान खाली. पुन्हा मागं जाऊन आलो. दगडापाशी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही.

वस्तीत ही गोष्ट पोचायला वेळ लागला नाही. बाया म्हणाल्या, जुन्या गावात वाईट आहे, दगडाले नारळ फोडा. भूत नाही म्हणून तालुकाभर पत्रकं वाटणारी मी, नारळ फोडणार? मी बाटलीभर पाणी ओतून जमिनीचा उतार पाहिला. पाणी कुठंच गेलं नाही, तिथंच जिरलं. टायरची हवा तपासली. पोतं पुन्हा बांधलं, पोतं हललं नाही. आत्याला बसवलं, आत्या हलली नाही. आईला बसवलं की दगडापाशी मागून कोणीतरी उतरायचं. हे मी त्या वेळी कोणाला बोलले नाही, पण दगड जवळ आला की मानेवर कोणाचा तरी श्वास पडेल अशी मी वाट पाहायला लागले.

एक दिवस मी हट्टानं पाय टेकलाच नाही. गाडी कलली, मी तिला सावरली आणि तशीच टोकापर्यंत नेली. थांबून वळले तर आईच्या पायांत चपला नव्हत्या.

‘आई, चपला?’

तिनं आपल्या पायांकडं पाहिलं, दुसऱ्या कोणाचे पाय पाहावेत तसं. ‘असतीन घरी.’

‘घरून घालून आलीस. मी पाहिलं.’

‘नाही वं माय.’

आम्ही तिघी चालत मागं आलो. चपला दगडापाशी पडल्या होत्या, एक पालथी, एक सरळ, मधे हातभर अंतर. वारा नव्हता. अंगातून घाम निथळत होता आणि तरी माझ्या दंडांवर काटा आला. आई चपलांकडं बघत उभी राहिली, उचलायला वाकली नाही. मग आत्या अगदी हळू म्हणाली, ‘वहिनी, इथंच उतरत होतो ना आपन.’

‘काय उतरत होतो?’ मी विचारलं.

‘सायकलीवरून. बंडीवरून. कोनी असो, लेकुरवाळी असो, आजारी असो. या दगडापासून पायी. चपला हातात, मान खाली. त्या टोकाले गेलं की घालायच्या.’

‘कोणी सांगितलं होतं?’

‘सांगाले कोनी लागते का? आपल्यातली मोठी मानसं उतरत, त्याईच्या मांगं आपन.’

आईनं आता चपला उचलल्या. त्या पायांत घालताना तिला दगडाला हात टेकवता आला असता, पण तिनं माझ्या खांद्याचा आधार घेतला. ‘म्या नाही उतरली,’ ती म्हणाली. ‘खरंच नाही उतरली वं शोभे. अंग उतरलं.’

मी भांडणारी बाई आहे. समोर माणूस असला, अर्ज असला, साहेब असला की मला बरं वाटतं. हे माझ्या आईच्या तळपायात होतं, आणि तिलाही माहीत नव्हतं. तळपायाला कोणतं पत्रक वाचून दाखवायचं? भूत निघालं असतं तर सोपं गेलं असतं, भुताविरुद्ध माझ्याकडं सगळे मुद्दे तयार होते.

दुसऱ्या दिवशी आईला बाबांचे कॅनव्हासचे बूट घातले, नाड्या करकचून बांधल्या. ‘लुगड्यावर बूट! लोक मिरवणूक सोडून मलेच पाहातीन,’ ती हसली. बूट पायांत राहिले. गाडी तरी दगडापाशी कललीच. आत्या म्हणाली, ‘कागदात नाव कोन्या बाईचं हाय? नाही ना? मंग दुसरी बसव.’ त्यावर आई म्हणाली, ‘दुसरी कोन? तिचं अंग काय इकत आनलं हाय?’ तिचं खरं होतं. वस्तीतली तिच्या वयाची कोणतीही बाई त्याच दगडापाशी उतरलेली होती. शेवटी आत्यानंच तोड काढली. तिला थांबवू नको, म्हणाली, तू सावर. दगड यायच्या आत रेस केसभर वाढव आणि आपलं अंग उजवीकडं टाक, ती डावीकडं गेली की गाडी सरळ राहीन. मग आम्ही तेवढंच घोटलं. आई कलायची, मी उलट कलायचे, गाडी सरळ जायची. होता होता मला त्याचा विचारही करावा लागेना. माझं शरीर आपोआप उजवीकडं जाई.

जयंतीच्या दिवशी मिरवणूक ऊन असतानाच काढायची अट होती. वाजतगाजत आम्ही पाण्याच्या टाकीपाशी आलो, तिथून मोठी गल्ली सुरू होते. तिथं बाजा थांबला. पुढं फोटोचा रथ, त्याच्या मागं पांढऱ्या कपड्यांतले म्हातारे, बाया, मग आत्याच्या गाडीवर मी आणि आई, आमच्या मागं उसन्या गाडीवर आत्या. नुसता चपलांचा घासत जाणारा आवाज आणि तीन-चार इंजिनांचं पुटपुटणं. गल्लीत माणूस नव्हतं. एकही दार उघडं नव्हतं. पहिल्या दोन घरांना बाहेरून कुलूप होतं, आणि त्यातल्या दुसऱ्या घरात, कुलूपबंद दारामागं, कुकरची शिट्टी झाली. एका ओट्यावर चहाचा कप होता, वाफ निघत असलेला. दोरीवरच्या धोतरातून पाणी ठिबकत होतं. जुन्या गावात घरं नव्हती आणि माणसं असल्यासारखी वाटत. इथं घरं होती, माणसं होती, श्वास रोखून होती, आणि गल्ली तलावाच्या तळासारखी पडली होती.

टाकी मागं पडली, जुन्या गावात दगड होता ती जागा आली, आणि मी घोटल्याप्रमाणं रेस केसभर वाढवून उजवीकडं कलले. आई हलली नाही. ती पोत्यासारखी पक्की बसून होती. गाडी उजवीकडं झुकली आणि झुकतच गेली. समोर ओटा होता, गेल्या वर्षी टवका उडालेला तोच, सिमेंटचं नवं ठिगळ लावलेलं. मी ठिगळाकडं पाहिलं. पाहिलं, आणि त्यानं मला ओढून घेतलं. पाय टेकला तर रस्ता गेला. ब्रेक दाबला तर थांबले, म्हणजेही रस्ता गेला. मागून आत्याचा आवाज आला, दबका पण खणखणीत, ‘लांब पाह्य, मेले!’ मी मान उचलली. गल्लीच्या शेवटी बाभळीमागं उजेड होता, तेवढाच धरला. मागचा ब्रेक बोटभर, क्लच आणखी अर्धा, अंग डावीकडं. हॅन्डल ओट्याच्या कडेवरून गेलं, न लागता, आणि तापलेल्या सिमेंटची धग माझ्या करंगळीला लागून गेली. गाडी सरळ झाली. आईचं अंग त्या दिवशी उतरलं नाही. उतरले होते मी, जी जन्मात कधी त्या दगडापाशी चप्पल काढून चालली नव्हती.

टोकाला हवालदार उभे होते. ‘निघाल्या एकदाच्या. पुढं घ्या बाई, पुढं घ्या,’ ते म्हणाले आणि टोपी काढून कपाळ पुसलं. शेवटची गाडी गल्लीतून बाहेर पडली तेव्हा बाजा असा काही वाजला की माझे कान बधिर झाले. समितीला बोट ठेवायला जागा मिळाली नाही, रस्ता राहिला. विहारापाशी मिरवणूक सुटली, आत्यानं माझ्या पाठीत धपाटा घातला. आई मात्र गाडीवरून उतरेना.

‘वैशाले, गाडी पलटव.’

‘कुठं?’

‘म्या एका अंगानं बसली होती. डाव्या हाताची सारी दारं पाह्यली. उजव्या हाताची राह्यली.’

‘बंद दारं काय पाहायची?’

‘बंद असो. दारंच पाह्यली नोहती ना कधी.’

मी तिला समजावलं की परवानगी एकदाच जायची होती, ती संपली. ‘ते मिरवणुकीची परवानगी,’ आई म्हणाली. ‘मी का मिरवणूक हावो?’

एवढी पत्रकं मी लिहिली, हे वाक्य मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघीच गेलो, दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे राहिलेली बाजू आईच्या समोर यावी. झेंडा नाही, पोलीस नाहीत. दारं सताड उघडी होती, आतल्या चुली दिसत होत्या, भिंतीवरची घड्याळं दिसत होती. मी गाडी कालच्याच चालीनं घेतली. आई एकेका दाराकडं मान वर करून बघत होती. मास्तरांच्या सुनेनं अंगण झाडता झाडता खराटा थांबवला.

‘कुठं चालल्या मायलेकी, सकाळी सकाळी?’

‘कुठीच नाही,’ आई म्हणाली. ‘पाहून राह्यलो.’

ती बाई खराटा धरून तशीच उभी राहिली. आम्ही पुढं सरकलो तशी मागं कडी लागल्याचा आवाज आला. मग आणखी एक. आम्ही पार केलेलं एकेक दार आमच्या पाठीमागं बंद होत होतं, आणि पुढची अजून उघडी होती. मी वेग वाढवला नाही.